समुद्रापार अंथरलेली घोंगडी

मित्रांनो, पायांतल्या चपला आधी उंबऱ्याबाहेर काढा आणि मग माझ्याजवळ या. घाई करू नका, मी थांबते.

काढल्या? आता मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसा. मी एक जुनी काळी घोंगडी आहे. इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे गावी, कुशाबाईंच्या घरी माझा मुक्काम आहे. मी मऊ नाही. ज्याला मऊपणा हवा असेल त्याने दुकानातली फुलाफुलांची ब्लँकेटे खुशाल घ्यावीत. मी अंगाला टोचते, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांना मी टोचले ते माझ्यावर निजून सकाळी कामाला उठले आहेत, आणि त्यांच्यापैकी एकानेही पाठ दुखल्याची तक्रार केलेली नाही.

कुशाबाईंच्या सासूबाई तानूबाई यांच्याकडे त्या काळी मेंढरांचा मोठा कळप होता. त्या कळपातील काळ्या मेंढ्यांची लोकर कातरून, पिंजून तानूबाईंनी तिचे सूत कातले. सणगराने, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्याने, खड्ड्यातल्या मागावर बसून मला विणले, चिंचोक्याची खळ कुंच्याने माझ्या अंगाला चोपडली आणि उन्हात ताणून वाळवले. मला रंग दिलेला नाही. माझा काळेपणा मेंढीकडून आला आहे, म्हणून तो विटत नाही.

माझ्या उमेदीच्या वर्षांत मी काय केले नाही? पावसात तानूबाईंच्या डोक्यावर खोळ होऊन राहिले. थंडीत नुकत्याच जन्मलेल्या कोकरांना पोटाशी धरले. बाळंतिणीच्या खाली अंथरले गेले आणि पाहुण्यांच्या खालीही. पण माझा खरा मान निराळाच होता. या घरात काही ठरवायचे झाले की मला अंथरीत. लहानथोर सगळे माझ्यावर एका पातळीवर बसत, कपाळाला भंडारा, म्हणजे देवाची हळद, लावीत आणि मगच तोंड उघडीत. माझ्यावर बसून खोटे बोलायचे नाही आणि ठरलेले मोडायचे नाही, हा या घराचा रिवाज. चपलेचा पाय तर माझ्यावर पडता कामाच नये. कोणाचा पडलाच, तर त्याने चारचौघांत माझ्यावर बसून घरधनिणीला ‘मागा’ म्हणायचे, आणि ती मागेल ते द्यायचे. तानूबाईंच्या हयातीत आणि पुढे कुशाबाईंच्या कारभारात ती वेळ कोणावर आली नव्हती.

पुढे कालव्याचे पाणी आले. कळप गेला आणि ऊस आला. जिथे मेंढरे बसत त्या तुकड्याला घरातले सगळे ‘मेंढवाड्याचं रान’ म्हणत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेंडीखताने ते रान इतके कसदार झाले होते की मूठभर माती हातात घेतली तर तिला सुगंध येई. पण पाणी फुकाचे असल्यासारखे दिले गेले. रानाने ते किती दिवस पोटात ठेवावे? हळूहळू वरवर पांढरा खार फुटू लागला, उसाची पाने करपली आणि शेवटी तिथे कुंद्याचे तणसुद्धा उगवेना.

कुशाबाईंचा मुलगा नागेश हा कष्टाळू, पण थोडा उतावळा. रस्त्याकडेचे रान आहे, एका व्यापाऱ्याला गोदामासाठी हवे आहे, देऊन टाकू, असे त्याने मनाशी पक्के केले. त्याच सुमारास, १९९५ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यांचा एक गट हॉलंड देशातील शेती पाहायला निघाला होता. त्यात नागेशचे नाव होते. त्याने सांगितले, मी येत नाही.

कुशाबाईंनी मला अंथरले. भंडाऱ्याची पिशवी काढली आणि मुलाला बोलावले.

“बस हितं. त्या गटात कुणी खाऱ्या रानाचं काय बघणार हाय का?”

“शेवटच्या दिशी समुद्राकडंचं एक रान हाय म्हणं. समुद्राचं पाणी शिरून खारवलं हुतं, ते परत पिकाला आणलंय. पन आये, त्यांचं येगळं, आपलं येगळं.”

“तू न्हाय ना जात? मग मी जाते.”

नागेशला हसूच आले. “तू? इमानात? अगं, तितं भाकर न्हाय, चहा न्हाय, बोलायला बाईमाणूस न्हाय. चार दिसांत रडत परत येशील.”

“मी रडलेली तू कवा बघितलीस?” कुशाबाईंनी विचारले. त्यांनी भंडाऱ्याची पिशवी त्याच्यापुढे सरकवली. “मी येईस्तवर त्या रानाचा कागद व्हायचा न्हाय. हितं बसून शबूद दे.”

नागेशने शब्द दिला, पण आपलीही अट घातली. “उपाय घिऊन आलीस तर रान तुझं. तसंच हात हलवीत आलीस, तर मग मी कुणाचं ऐकनार न्हाय.”

“कबूल,” कुशाबाई म्हणाल्या. माझ्या काठावर भंडाऱ्याची चिमूट पडली आणि बोलणे संपले.

गटात नागेशच्या जागी कुशाबाईंचे नाव लागले, पासपोर्टही निघाला. सामान बांधताना त्यांनी मला गुंडाळून दोरीने आवळले, तेव्हा सून मनिषा म्हणाली, “आत्याबाई, तितं हातभर जाड गाद्या असत्यात. ही कशाला?”

“गादीवर निजून पाठ मोडली तर रान कोण बघंल?” असे उत्तर देऊन कुशाबाईंनी गाठ मारली. सोबत कडक भाकरी, लसणाची चटणी आणि भंडाऱ्याची पिशवी घेतली. भाकरी त्यांनी फडक्यात घट्ट बांधून तळाशी ठेवल्या. त्या शेवटच्या दिवसासाठी होत्या.

मित्रांनो, मुंबईच्या विमानतळावर मला उलगडावे लागले, आणि माझ्या घडीतून भंडारा त्या चकचकीत टेबलावर सांडला. पिवळी पूड पाहून अधिकारी सावध झाला. हे काय, कशाला, कोणी दिले, अशी त्याने प्रश्नांची फैर झाडली. कुशाबाईंनी एक चिमूट स्वतःच्या कपाळाला लावली आणि दुसरी त्याच्यापुढे धरली. तो एक क्षण घुटमळला, टोपी मागे सारली आणि कपाळ पुढे केले. माझी घडी त्यानेच घातली. ती वाकडी पडली, तरी मी चालवून घेतली.

हॉलंडमध्ये काचेच्या घरांत वाढणारी फुले पाहून पहिले दोन-तीन दिवस सगळा गट थक्क झाला. मोरगावचे सिद्धूआबा गटात सर्वांत वडील. ज्वारी-बाजरी आणि शेळ्या यांत आयुष्य गेलेला गृहस्थ, तोंडाने मिश्कील. फुलांना नळीने थेंब थेंब पाणी पाजलेले पाहून ते म्हणाले, “आमच्या मोरगावला मान्सांस्नी न्हाय एवढं लाडानं पाजत!” पिंपळीचे गेणूतात्या ढोबळी मिरची पिकवणारे, मोठ्या आवाजाचे, गटावर वजन असलेले. ते प्रत्येक काच बोटाने वाजवून पाहत. अविराज हा बारामतीचा शेतकी पदवीधर गटाला घेऊन आला होता. सगळ्यांचे इंग्रजी त्याच्या एकट्याच्या जिभेवर होते.

पण पुढे हळूहळू कुरकुर सुरू झाली. भाकरीच्या जागी गार पाव आणि त्यावर गार चीज. चहा मागितला तर गरम पाण्याचा पेला आणि दोरा लावलेली पुडी. सकाळच्या विधीला पाण्याऐवजी कागद. त्याविषयी मी याहून अधिक बोलणार नाही, परंतु पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या एकाएकी सगळ्यांना हव्याशा वाटू लागल्या, एवढे सांगते. स्नानाला बादली नाही, तांब्या नाही, वरून फवारा. सिद्धूआबा रोज ओल्या डोक्याने बाहेर येऊन विचारत, “अविराज, हिला आंगूळ म्हनायची का नुसतं भिजायचं?” ऊन कोमट आणि वारा बोचरा. मोठ्याने हाक मारावी तर लोक वळून पाहत. आणि बसायला सगळीकडे खुर्च्या. विमानात खुर्ची, बसमध्ये खुर्ची, जेवायला खुर्ची, काचघरात उंच तिपाई. जे आयुष्यभर बांधावर, ओट्यावर, खळ्यात मांडी घालून बसत आले, त्यांचे पाय दिवसभर बुटांत लोंबकळून सुजले. काय दुखते आहे हे कोणालाच नेमके सांगता येत नव्हते, म्हणून जो तो पावाला नावे ठेवत होता.

कुशाबाईंना स्वतंत्र खोली मिळाली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी ती गादी हाताने दाबून पाहिली, हात कोपरापर्यंत आत गेला, आणि त्यांनी मला खिडकीखाली जमिनीवर अंथरले. त्या रोज सकाळी उठून मला झटकीत, घडी करीत, आणि घडीवर हात ठेवून पुटपुटत, “समुद्राकडंचं रान बघायचं हाय.” घरची आठवण त्यांना येत नव्हती असे नाही. चुलीच्या धुराची, मनिषाच्या हाकेची, गरम भाकरीवरच्या तेलाची आठवण मी त्यांच्या हातात ओळखत असे. पण त्यांनी ती एकदाही बोलून दाखवली नाही.

आणि मग तो पावसाळी दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी समुद्राकडचे रान पाहायचे होते आणि त्यानंतर परतीचे विमान. त्या सकाळी कुशाबाईंना उशीर झाला म्हणून त्यांनी माझी घडी केली नाही. साफसफाई करणारी हॉटेलातली बाई आली. जमिनीवर काळे, राठ कापड पाहून तिला वाटले, पावसाचे दिवस, हे पायपुसणे असणार. तिने मला नीट उचलले आणि मोठ्या टापटिपीने दाराबाहेर उंबऱ्याशी पसरले. तिचा दोष नाही. माझी ओळख तिला कोणी करून दिली नव्हती.

तिसऱ्या प्रहरी गट परतला. बसमध्ये एक बेत शिजला होता, हे मला मागाहून कळले. शहरात एका भारतीय खानावळीचा पत्ता कोणाला तरी लागला होता. तिथे वरण-भात होता, पोळी होती, आणि म्हणे हिरव्या मिरचीची चटणीसुद्धा. समुद्राकडचे रान पार दुसऱ्या टोकाला. बस एका दिवशी एकाच ठिकाणी जाणार. गेणूतात्यांनी ठरवले, उद्या खानावळ. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुशाबाई पुढच्या आसनावर होत्या, त्यांना काही कळले नाही. त्या खाली अविराजला उद्याची वेळ विचारत थांबल्या, आणि त्या खोलीतच गेल्या असतील असे समजून गेणूतात्या त्यांना निरोप सांगायला वर येऊन त्यांच्या दाराशी उभे राहिले.

मित्रांनो, काचघरांभोवतीचा चिखल त्यांच्या बुटांना लागलेला होता. सभ्य माणूस दुसऱ्याच्या दारात उभा राहून जे करतो तेच त्यांनी केले. दार ठोठावले, आणि ते उघडण्याची वाट पाहता पाहता दोन्ही बूट माझ्यावर घासून पुसले. आधी उजवा, मग डावा. घरी असते तर दारात येताच त्यांच्या पायांतून चपला आपोआप सुटल्या असत्या. इतक्या दिवसांत ती सवयही बुटांत अडकून पडली होती.

मी आयुष्यात पाऊस पाहिला, गारा पाहिल्या, ओल्या कोकरांची घाण पाहिली. पण त्या दिवशी जे झाले तसे मला कधी झाले नव्हते.

जिन्यावरून कुशाबाई आल्या. मागे अविराज आणि सिद्धूआबा. कुशाबाई जागीच थांबल्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या,

“तात्या, खाली बघा.”

गेणूतात्यांनी खाली पाहिले. त्यांच्या घरीही आजोबांची घोंगडी होती. वीण ओळखायला त्यांना दिवा लागला नाही.  त्यांनी एक पाऊल मागे घेतले, आणि तो मोठ्या आवाजाचा माणूस हॉटेलच्या त्या बोळात खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. नाडीला गाठ बसली. सुटेना. 

“आक्का, मला वाटलं पायपुसनं... आयला, मी आंधळा झालो काय?”

“तात्या, शिवी नगं,” सिद्धूआबा म्हणाले, आणि स्वतः वाकून त्यांनी ती गाठ सोडवली.

बूट निघाला. पाय घोट्यापासून बोटांपर्यंत सुजलेला होता. कुशाबाईंनी तो पाय पाहिला, मग माझ्यावरचा चिखल पाहिला, आणि त्यांच्या कपाळावरची आठी उतरली. त्यांनी मला उचलले, झटकले, खोलीत नेऊन अंथरले आणि फर्मावले,

“अविराज, गटातल्या समद्यांस्नी बोलव. बूट भायेर काढायचे. मोजेबी. कुणी खुर्चीवर बसायचं न्हाय.”

“काकी, आता? सगळे दमलेत...”

“दमलेत म्हनूनच बोलवतीया.”

बोळात बुटांची लांबलचक रांग लागली. हॉटेलचा व्यवस्थापक वर आला, त्या रांगेकडे आणि आत दाटीवाटीने बसलेल्या माणसांकडे पाहत राहिला. ही पूजा आहे का, असे त्याने अविराजला विचारले. अविराज म्हणाला, “बैठक आहे.” तो दबक्या पावलांनी निघून गेला.

ज्यांना माझ्यावर जागा मिळाली ते बसले. ज्यांना नाही मिळाली त्यांनी माझ्या काठाला गुडघा किंवा हात टेकवला. मांड्या पडल्या. मग कोणीतरी मोठा सुस्कारा सोडला.

“बसल्यावर कळलं,” सिद्धूआबा गुडघे चोळत म्हणाले, “अजून गुडघं हायती आपल्याला. मी म्हनलं, इमानतळावर जमा झाले का काय!”

सगळे खो खो हसले, घरच्यासारखे, मोठ्याने. आणि मग एकेकाची जीभ सुटली. कोणाला दारातला लिंब आठवत होता, कोणाला पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसणे, कोणाला सकाळी सकाळी म्हशीचे हंबरणे. एकजण म्हणाला, मला बायको रागावलेली ऐकायची आहे. कुशाबाईंनी सगळ्यांना बोलू दिले. मग पिशवीच्या तळातून फडके काढले. कडक भाकरी मोडल्याचा तो आवाज! प्रत्येकाच्या तळहातावर तुकडा आणि वर लसणाची चटणी पडली. शेवटच्या दिवसासाठी राखलेले ते सारे संपले. कुशाबाईंच्या वाट्याला फडक्यातला चुरा आला. तो त्यांनी तोंडात टाकला.

गेणूतात्यांनी आपला तुकडा खाल्ला नव्हता. भंडाऱ्याची पिशवी त्यांनी स्वतः ओढून घेतली, कपाळाला बोट लावले आणि म्हणाले, “आक्का, माझा बूट तुमच्या घोंगडीला लागला. आमच्या आज्याच्या घोंगडीचीबी हीच रीत हुती. मागा.”

खोलीतल्या सगळ्यांना उद्याचा बेत माहीत होता. कुशाबाईंनाही आता तो अविराजने सांगितला होता. एक शब्द उच्चारला की बस समुद्राकडे वळली असती.

“मी मागत न्हाय, तात्या,” कुशाबाई म्हणाल्या. “मागून नेलेली मान्सं बसमध्ये झोपत्यात. मी इचारते. आमचं मेंढवाड्याचं रान पांढरं पडलंय. लेकाला ते इकायचं हाय. उद्या ते समुद्राकडंचं रान बघितलं न्हाय तर घरी गेल्यावर माज्याकडं बोलायला काय न्हाय. हे माजं झालं. आता तुमी सांगा. हितं बसून. तुमच्या पिंपळीच्या रानाचं काय?”

 कालव्याकडचा आपला मळा सोन्यासारखा आहे, असे गेणूतात्या गटात रोज सांगत. त्यांनी मान खाली घातली आणि माझ्या काठाच्या सुट्या धाग्यांशी बोटे चाळवत राहिले. माझ्यावर बसून खोटे बोलायचे नसते, हे त्यांनाही ठाऊक होते.

“खालचा तुकडा,” ते हळूच म्हणाले. “मिरची पिवळी पडती. दोन वर्सं झाली. सकाळी दव पडल्यावर पांढरं दिसतं, मी उजाडायच्या आत वरनं माती टाकतो. घरात बी सांगितलं न्हाय.”

कोणी हसले नाही. सणसरच्या एका शेतकऱ्याने घसा खाकरला. “आमच्यात बी एक कोपरा हाय.” मग दुसरा बोलला. मग तिसरा. एवढे दिवस पावाला आणि चहाला नावे ठेवणारी माणसे खरे दुखणे आत्ता बोलत होती.

सिद्धूआबांनी हात वर केले. “माजं रान कोरडं हाय, बाबांनो, मला खाराचं सुख न्हाय. मला वरण-भात पायजे हुता. पन एवढ्या मान्सांचं रान पांढरं पडलंय, आन्‌ म्या भात खात बसू? घशाखाली उतरंल का?”

“ठरलं?” कुशाबाईंनी विचारले.

“ठरलं,” गेणूतात्या म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी बस समुद्राकडे गेली. वारा असा की माणूस तिरपा चालावा. कुशाबाईंनी मला पदरावरून खांद्यावर घेतले. समुद्र अडवून धरणारा मातीचा लांब बांध, त्यावर हिरवे गवत, आणि त्या गवतात, मित्रांनो, मेंढरे! पांढरी, लठ्ठ, पायाशी कोकरे. मी इतक्या वर्षांनी जिवंत लोकरीचा वास घेतला. कुशाबाईंची पावलेही तिथे थबकली.

शेताचा मालक म्हातारा होता. तो कौलारू घराच्या दाराशी आला, पायांतले लाकडी जोडे उंबऱ्याबाहेर काढले आणि मोज्यांनिशी आत वळला. तिथे आणखी जोड्यांची रांग होती. आमची माणसे एकमेकांकडे पाहू लागली.

“ह्यो आपलाच हाय की!” सिद्धूआबा ओरडले. कोणी न सांगता सगळ्यांचे बूट सुटले.

म्हाताऱ्याने सांगितले आणि अविराजने मराठीत आणले. त्याच्या तरुणपणी एका वादळात बांध फुटला आणि सगळे रान खाऱ्या पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर माती दगडासारखी झाली. त्यांनी खार सुटावा म्हणून जिप्सम पसरले, जमिनीच्या पोटात भाजक्या मातीचे नळ पुरले, आणि मग गोडे पाणी, म्हणजे पाऊस, वरून खाली झिरपू दिला. पाण्याने खार सोबत घेतला आणि नळावाटे बाहेर गेला. त्याने चरात वाकून दाखवले. वर गव्हाचे रान हिरवे उभे होते आणि खाली एका नळाच्या तोंडातून बारीक धार ठिबकत होती.

कुशाबाई चरात उतरल्या. ती धार त्यांनी बोटावर घेतली, जिभेला लावली. मग वर पाहून म्हणाल्या, “तात्या, आपुन रानाला नुसतं पाजत आलो. जायाला वाट ठेवली न्हाय.”

“अविराज,” गेणूतात्यांनी विचारले, “नळ किती खोल, दोन नळांत अंतर किती, आन्‌ उतार कुनीकडं? समदं इचार. मी लिवून घेतो.” त्या दिवशी बसमध्ये कोणी झोपले नाही.

निघताना म्हाताऱ्याने माझा काठ चिमटीत धरला आणि बांधावरच्या मेंढरांकडे बोट केले. कुशाबाईंनी मान हलवली, आणि रिकाम्या बोटांनी हवेत सूत कातून दाखवले. अविराज मध्ये पडला नाही. त्याची गरज नव्हती. म्हाताऱ्याने आत जाऊन एका फुटक्या नळाचा तुकडा आणला आणि कुशाबाईंच्या हातात ठेवला. तो माझ्या घडीत बसून अंथुर्ण्याला आला.

घरी आल्यावर कुशाबाईंनी आधी मला अंथरले. नागेश समोर बसला. त्यांनी नळाचा तुकडा मध्ये ठेवला.

“ह्यो उपाय?” नागेशने तो उलटसुलट करून पाहिला. “आये, ह्यो फुटका हाय.”

“सांगते ते ऐक, आन्‌ मंग हास.”

त्याने ऐकले, हसला नाही, आणि दिलेला शब्दही मोडला नाही. गोदामवाला परत पाठवला गेला. गेणूतात्या पिंपळीहून स्वतः आले, सोबत फावडी आणि उतार मोजायची दोरी घेऊन. चर खणले, नळ पुरले, जिप्सम पसरले. पहिल्या वर्षी काहीच दिसले नाही. नागेश बांधावर उभा राहून नुसता उसासे टाकी. कुशाबाई म्हणत, “समुद्र हुता तितं गहू डुलतोय. हितं तर नुसता कालवा हाय.” दुसऱ्या वर्षी हिरव्या खतासाठी ताग पेरून मातीत गाडला. त्यानंतर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरला. तो सगळीकडे आला नाही, अर्ध्याहून थोड्या अधिक रानात आला. पण ज्या दिवशी त्या शाळवाची पहिली भाकरी चुलीवर फुगली, त्या दिवशी कुशाबाईंनी मला मेंढवाड्याच्या रानातच अंथरले, आणि नागेशने चपला बांधावर काढून ठेवल्या. त्याला कोणी सांगितले नव्हते.

आता मी थकले आहे. माझ्या मधोमध कसर लागून भोके पडली आहेत. मधली काही वर्षे मी पेटीत गुंडाळून पडले होते आणि माझ्यावर गुलाबी ब्लँकेटांची चळत होती, हेही सांगते. लपवायची मला सवय नाही. मागच्या दिवाळीत मनिषाने मला बाहेर काढले आणि साबणाच्या पाण्यात घालू लागली. माझ्या काठाशी चिखलाचा एक पांढरट डाग आहे, तो तिला घासून काढायचा होता. कुशाबाई ओसरीवरून कडाडल्या, “मनिषा, त्यो डाग ऱ्हाऊ दे!” गेणूतात्यांच्या बुटांवरून तो डाग माझ्यावर आला. त्यांचा खालचा तुकडा आता हिरवा आहे. इकडे आले की ते माझ्यावर बसतात, आणि बसण्याआधी त्या डागाला हात लावतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिला पेटीत कोंडू नका. वर्षातून एकदा कडक ऊन द्या, घडीत लिंबाचा पाला ठेवा, साबण आणि यंत्र तिच्यापासून दूर ठेवा. आणि लांबच्या मुलखात गेलात, तिथे काही गोड लागेना, झोप येईना, सगळ्यांवर राग येऊ लागला, तर आधी पायांतले काढा आणि सोबतच्या माणसांना घेऊन जमिनीवर बसा. काय दुखते आहे ते तिथे बोला. मग उठा आणि ज्या कामाला आलात ते काम पुरे करून या.

झाले. आता उठा. जाताना मला दोघांनी दोन टोकांना धरून झटका, आणि उन्हात टाका. डाग वरच्या बाजूला राहू द्या.